मोगरी तीच, दारू निराळी

पुणे-सातारा रस्त्यावरील सारोळ्याहून वीरच्या दिशेने वळले की नीरेच्या खोऱ्यातील भोंगवली हे गाव लागते. भोर तालुक्यातील या गावी आमचे जाणे झाले ते एका स्नेह्यांच्या घरच्या कार्यानिमित्त. परतताना एस.टी.ची वाट पाहत उभे असता भिंतीवर चिकटवलेले पंचक्रोशीतील एका जत्रेचे पत्रक आमच्या वाचनात आले. अभिषेक, नैवेद्य, छबिना, लोकनाट्य तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा असा नेहमीचा क्रम त्यात होता, आणि छबिन्याच्या ओळीतच, जाड ठशात, 'शोभेचे दारूकाम' असे शब्द होते. मराठीत दारू हा एकच शब्द दोन निराळ्या आगींसाठी वापरला जातो. त्यांतील एकीविषयी आमच्या समाजात प्रवचने पुष्कळ होतात, दुसरीविषयी मात्र कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेख या दुसरीविषयी आहे.

पत्रकातील त्या दोन शब्दांनी आमचे लक्ष वेधले याचे कारण आदल्याच सायंकाळी घडलेले बोलणे होते. ज्या घरी आम्ही उतरलो होतो तेथील वयोवृद्ध गृहस्थ तरुणपणी जत्रेसाठी हौसेने भुईनळे आणि बाण करीत असत. 'हौसेने' हा शब्द त्यांचाच. या कामाचा पैसा कोणी घेत नसे. पावसाळा सरला की चार-सहा गडी गावाबाहेरच्या खळ्यावर जमत. आम्ही फार चौकशी करतो असे पाहून त्यांनी ट्रंकेतून एक गाठोडे काढले. त्यात हातभर लांबीची पितळी सळई होती, तांब्याचे एक माप होते आणि लाकडी चौकटीवर ताणलेली कापडाची चाळण होती. बाभळीची मोगरी तेवढी अंगणातून आणवावी लागली. या साऱ्या सामानात लोखंडाचा एक खिळादेखील नव्हता. चाळणीची चौकटसुद्धा सुतळीने आवळलेली होती.

हे काम का सोडले, असे विचारता त्यांनी दिलेले उत्तर आम्ही वही काढून टिपून घेतले. बाजारातून पांढरी पूड येऊ लागली, उजेड वाढला, रंग आले. मोगरी तीच राहिली आणि दारू निराळी झाली, असे ते म्हणाले. त्यांच्या त्या एका वाक्यात या विषयाचा सारा इतिहास आहे, असे आम्हांस पुढे वाचन करताना वारंवार वाटत राहिले.

शोभेच्या दारूचा भारतातील इतिहास प्रथम शिस्तीने मांडला तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी. इ.स. १४०० ते १९०० या कालखंडातील आतषबाजीवरचा त्यांचा इंग्रजी निबंध १९५३ साली बंगलोरहून प्रसिद्ध झाला. ओरिसाचा गजपती प्रतापरुद्रदेव याच्या 'कौतुकचिंतामणि' या सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या संस्कृत ग्रंथात दारूकामाच्या कृती आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांतील चंद्रज्योती हे नाव आजही आपल्या ओळखीचे आहे आणि पुष्पवर्ती ही तर आपल्या फुलबाजीची थोरली बहीणच म्हणावी. संत एकनाथांच्या 'रुक्मिणी स्वयंवरा'त लग्नसोहळ्यात दारूकाम येते. द्वारकेच्या लग्नात सोरा कुठून आला, असा प्रश्न एकनाथांच्या श्रोत्यांना पडला नाही, कारण सोळाव्या शतकातील महाराष्ट्रात आतषबाजीवाचून थाटाचे लग्न त्यांना ठाऊकच नव्हते.

पेशवाईत या कलेला बहर आला. १७८३ साली झालेल्या सवाई माधवरावांच्या लग्नाच्या वर्णनात नारळी झाडे, हातनळे, चंद्रज्योती, फुलबाज्या अशी प्रकारांची मोठी यादीच येते. महादजी शिंदे पुण्यास आले असता त्यांनी कोट्याच्या दिवाळीतील दारूच्या लंकेचे वर्णन पेशव्यांना ऐकवले. दारूचा रावण, दारूचे राक्षस आणि शेपटी पेटताच लंका जाळीत सुटणारा दारूचा मारुती, असा तो देखावा. तरुण पेशव्यांनी हट्ट धरला आणि तशीच लंका पर्वतीच्या पायथ्याशी उभारली गेली, असे बखर सांगते. या हकीकतीत आम्हांस मौज वाटते ती जागेच्या निवडीची. दारू खाली मोकळ्या मैदानात आणि टेकडीचा चढ पाहण्यासाठी मोकळा. इतके साधे अंतर आजच्या किती मिरवणुकांत राखले जाते, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

अंतराची ही जाण मराठी राज्यात कागदावरही उतरलेली होती. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' १७१५ च्या सुमाराचे. त्याच्या दुर्गप्रकरणात दारूखान्याविषयी जो मजकूर आहे तो आजच्या कोणत्याही नियमावलीशेजारी ठेवून वाचावा. दारूखाना राहत्या घराजवळ नसावा आणि घराच्या वाऱ्याखालीही नसावा, आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू व बाण बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे, राखणीस सदैव माणसे असावीत आणि परवानगीवाचून कोणास आसपास फिरकू देऊ नये, अशा आशयाची ही कलमे आहेत. वाऱ्याखाली नसावा, ही गोष्ट स्वयंपाकघरातील ठिणगी कुठवर उडते हे पाहिलेल्या माणसालाच सुचू शकते. अमात्यांच्या बरोबरीने ज्यांनी राजाराम महाराजांच्या काळात राज्य सावरले ते शंकराजी नारायण सचिव हे भोर संस्थानाचे मूळ पुरुष. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले त्यांच्या वंशजांकडे, पंतसचिवांकडे राहिले. तेव्हा भोरच्या मुलुखाला दारूखान्याची शिस्त नवी नव्हती.

आणि शिस्त मोडली, अंदाज चुकला, तर काय होते हेही या मंडळींनी जवळून पाहिले होते. भोंगवलीहून त्याच सातारा रस्त्याने पुढे गेले की अजिंक्यतारा दिसतो. १३ एप्रिल १७०० रोजी औरंगजेबाच्या सैन्याने त्याच्या तटाखाली दोन सुरुंग उडवले. पहिल्याने तट ढासळला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्यात गाडले गेले, पण जिवंत निघाले. दुसऱ्या सुरुंगाने तट बाहेरच्या बाजूस कोसळून हल्ल्यासाठी दबा धरून बसलेल्या मोगल शिपायांवरच पडला आणि त्यांतील सुमारे दोन हजार माणसे दगडाखाली मेली. पेटविणाराचा पक्ष दारू ओळखत नाही.

आता त्या गाठोड्यातील अवजारांकडे वळू. भुईनळ्याची मातीची कोठी असो की बाणाची कागदी नळी, तिच्यात दारू नुसती ओतून चालत नाही, ती ठासावी लागते. सैल दारूच्या कणांमध्ये पोकळ्या असतात. ज्वाला त्या पोकळ्यांतून एका क्षणात आरपार धावते आणि फुले उडण्याऐवजी कोठी फुटते. घट्ट ठासलेली दारू मात्र थराथराने, वरून खाली, शहाण्यासारखी जळते. म्हणजे शोभा हवी तर ठोकणे आले, आणि दारूवर ठोकणे हाच या कामातील धोक्याचा गाभा. येथे अवजाराचा प्रश्न उभा राहतो. लोखंडावर लोखंड आपटले, किंवा लोखंडाखाली वाळूचा खडा आला, तर ठिणगी पडते. लाकूड, पितळ, तांबे यांची तशी ठिणगी पडत नाही. सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू ठिणगीला फार हळवी असली तरी लाकडी मोगरीचा माफक ठोका ती सहसा सोसते. शेकडो वर्षांच्या अनुभवातून ही जोडी जमली होती. मोगरी आणि काळी दारू एकमेकींना ओळखत होत्या.

खळ्यावर जमणाऱ्या त्या गड्यांचे नियमही याच ओळखीतून आलेले होते. काम दिवसा उजेडीच करावयाचे, कंदिलाशी कधीही नाही. प्रत्येक जिन्नस निरनिराळा वाटावयाचा, एकाचा पाटा दुसऱ्याला लावावयाचा नाही, आणि एकत्र केल्यानंतर वाटणे कायमचे बंद. वहाणा बाहेर, बिडीकाडी बांधावर, अंगावर सुती कपडे. भरलेली कोठी लगेच उचलून लांब नेऊन ठेवावयाची, जेणेकरून बसल्या जागी कधीही मूठ-दोन मुठींहून अधिक दारू असू नये. यांतील एकही नियम कुठे लिहिलेला नव्हता. यांतील कारणमीमांसा त्यांना ठाऊक होती असेही नाही. रेशमी वा नायलॉनच्या कपड्यांच्या घर्षणाने वीज साठते, हे त्यांनी शिकलेले नव्हते, पण सुती धोतर सोडून या कामाला कोणी बसत नसे.

ही घडी मोडली ती रसायनशास्त्राच्या एका शोधाने. फ्रेंच शास्त्रज्ञ बर्थोले याने १७८६ साली पोटॅशियम क्लोरेट तयार केले. सोऱ्याप्रमाणेच प्राणवायू पुरविणारे, पण कितीतरी उतावळे असे हे पांढरे मीठ. सोऱ्याऐवजी हे वापरले तर तोफेची दारू अधिक जोमदार होईल, अशी कल्पना निघाली. २७ ऑक्टोबर १७८८ रोजी पॅरिसजवळच्या एसोन येथील सरकारी दारूच्या कारखान्यात प्रयोग मांडला गेला. बर्थोले हजर होता. आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते तो लाव्हाजिए पत्नीसह हजर होता. नेहमीच्या दारूसाठी वापरावयाच्या लाकडी कुटणाखालीच हे नवे मिश्रण घातले गेले. पाहुणे मंडळी थोडी बाजूस गेली असतानाच स्फोट झाला. मागे राहिलेली दोन माणसे, त्यांत एक तरुणी, प्राणास मुकली. लाव्हाजिए काही पावलांच्या अंतराने वाचला. युरोपातील सर्वांत बुद्धिमान माणसांनी जी चूक केली तीच चूक पुढे दोनशे वर्षे खेडोपाडीचे हौशी लोक करीत राहिले. कुटण जुने होते आणि त्याखालचा जिन्नस नवा होता.

तोफेने क्लोरेट नाकारले, शोभेच्या दारूने मात्र ते कवटाळले. कारण होते रंगाचे. काळ्या दारूची आग तांबूस-सोनेरी, फार तर पांढरट. क्लोरेटच्या प्रखर आंचेत स्ट्राँशियमचे क्षार लाल, बेरियमचे हिरवे आणि तांब्याचे निळे जळू लागले. आज आकाशात जे रंग पाहून आपण माना वर करतो ते सारे एकोणिसाव्या शतकापासूनचे आहेत. सवाई माधवरावांनी ते कधी पाहिले नाहीत. त्या शतकाच्या अखेरीस अॅल्युमिनियमची बारीक पूड आली आणि डोळे दिपविणारा रुपेरी उजेड मिळाला. आमच्या यजमानांची 'पांढरी पूड' कोणती, हे त्यांना सांगता आले नाही. पण दोन्ही पुडींचा स्वभाव काळ्या दारूहून वेगळा. क्लोरेट आणि गंधक एकत्र आले म्हणजे पेटावयास ठिणगी लागत नाही. घासणे पुरते, ठोका पुरतो, मग तो लाकडाचा का असेना. गंधकात अंशमात्र आम्ल असले तर ते मिश्रण नुसते ठेवले असताही बिघडू लागते. अॅल्युमिनियमची दारू ओलसर राहिली तर आतल्या आत तापू शकते, आणि दमट दारू सुरक्षित या जुन्या समजुतीचाच घात होतो. थोडक्यात, पितळी सळई आणि बाभळीची मोगरी यांनी ज्या धोक्यापासून वाचवले असते तो धोकाच येथे उरला नव्हता, दुसराच आला होता. अवजार निर्दोष, हात सराईत, आणि तरीही अपघात. म्हाताऱ्या माणसांना हे कोडे उलगडत नसे. मग ते कोणाच्या तरी दृष्टीवर किंवा देवाच्या कोपावर जाई.

ब्रिटनमध्ये क्लोरेट व गंधक यांच्या मिश्रणाच्या शोभेच्या दारूवर १८९४ साली बंदी आली. भारतात स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४ पासून होता, तोही ब्रिटिशांनीच केलेला, परंतु या मिश्रणावरची बंदी येथे १९९२ च्या जानेवारीत आली. शंभराला दोन वर्षे कमी. इंग्लंडमधील मुलांची बोटे वाचवावयाची घाई झाली तशी आपल्या मुलांची झाली नाही, आणि स्वातंत्र्यानंतरची चव्वेचाळीस वर्षे तर आपलीच होती.

हौशी दारूकामाची परंपरा महाराष्ट्रात आजही कुठे भर जोमात पाहावयाची असेल तर सांगली-तासगाव रस्त्यावरील कवठे एकंद येथे विजयादशमीच्या रात्री जावे. श्री सिद्धराजाची पालखी निघते आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत गाव उजळत राहते. औट, शिंगटे, झाडे, चक्रे ही नावे तेथल्या पोरासोरांच्या तोंडी असतात, आणि हे दारूकाम गावातील मंडळे व घराणी पिढ्यान्पिढ्या स्वतः करीत आली आहेत. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, सारे या दिवसांत दारूकामाला लागतात. या श्रद्धेची आणि कौशल्याची थट्टा करण्याचे पाप आम्ही करणार नाही. पण त्याच गावाच्या शिवारात २०१५ च्या मे महिन्यात एका फटाका कारखान्यात स्फोट होऊन कामावरची माणसे दगावली, हेही खरे. दारूची जाण असलेल्या गावातही दारू माणूस ओळखत नाही.

अशा गावाचे जुळे भावंड शोधावयाचे तर भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर जावे लागेल. तेथील प्रत्येक कॅथलिक गाव आपल्या पालक संताच्या सणाला स्वतःच्या हाताने केलेले दारूकाम उडविते. नोकरी-धंदा सांभाळून फावल्या वेळात गावाबाहेरच्या छोट्या कारखान्यात बसणारे हे हौशी लोक. शेजारच्या गावाहून आपला आवाज मोठा झाला पाहिजे ही ईर्ष्याही तीच. ५ सप्टेंबर २०१० रोजी गोझो बेटावरील आर्ब गावच्या अशा कारखान्यात स्फोट होऊन सहा जण मृत्यू पावले, बहुतेक एकाच घरातले. सणाचा महिना शोकाचा झाला. त्यानंतर चौकशी समिती बसली, रसायनांच्या शुद्धतेपासून कारखान्यांच्या नियमांपर्यंत बराच खल झाला, आणि दोनच वर्षांनी, २०१२ च्या नोव्हेंबरात, त्याच देशात आणखी एक कारखाना चौघांसह उडाला. तोफची, खाणकामगार आणि दारूकाम करणारे यांची पालक संत म्हणून ख्रिस्ती जगात संत बार्बराचे नाव घेतले जाते. तिचा सण ४ डिसेंबर. तिला मारणारा तिचा बाप विजेने जळाला अशी आख्यायिका आहे, म्हणून अवचित मरणाविरुद्ध तिचा धावा. स्पॅनिश भाषेत जहाजावरील दारूच्या कोठारालाच 'सांताबार्बरा' म्हणतात. ज्या कोठडीत पाऊल टाकताना संतिणीचे नाव तोंडी येते, तिथे खिळ्यांची पायताणे घालून कोणी जात नसे, हे त्या नावामागचे व्यवहारज्ञान. केरळात कोल्लमजवळच्या पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ च्या पहाटे चढाओढीच्या आतषबाजीत शंभरावर माणसे मेली, तेव्हा ईर्ष्या तीच होती, परवानगी मात्र नाकारलेली होती.

कायद्याची आजची स्थिती थोडक्यात सांगतो. २००८ च्या स्फोटक नियमांनुसार परवान्यावाचून शोभेची दारू तयार करता येत नाही, मग ती विकण्यासाठी असो वा जत्रेत उडविण्यासाठी. हौस ही सबब तेथे चालत नाही. थोड्या प्रमाणासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि मोठ्यासाठी नागपुरास मुख्यालय असलेल्या केंद्रीय यंत्रणेकडे जावे लागते. रात्री दहा ते पहाटे सहा फटाक्यांना मनाई २००५ पासून, आणि बेरियमच्या क्षारांवर बंदी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालापासून. धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा येथे हा धंदा परवाने घेऊन वाढला आणि मराठवाड्याची शिवकाशी म्हणून त्याचे नाव झाले. पण परवान्याबाहेरचे काम थांबले नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी आमच्याच पुणे जिल्ह्यात, पिंपरी-चिंचवडच्या तळवडे भागात, वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या फुलबाजीवजा मेणबत्त्या भरणाऱ्या कारखान्याला आग लागली. सहा जणी त्याच दिवशी गेल्या आणि पुढे इस्पितळात आकडा वाढत राहिला. बहुतेक स्त्रियाच होत्या, पोटासाठी आलेल्या. त्यांच्यापाशी ना परवाना होता, ना खळ्यावरच्या गड्यांना मिळालेले शिक्षण. आम्हांस या प्रकरणात सर्वाधिक अस्वस्थ करते ते हेच. जुन्या हौशी माणसाला निदान एवढे ठाऊक असे की आपल्या मांडीशी दारू आहे. केकवरची मेणबत्ती भरणाऱ्या बाईला कदाचित तेही कोणी सांगितले नव्हते.

भोंगवलीच्या त्या यजमानांना आम्ही निघताना एक विचारलेच. नातवंडांपैकी कोणी हे काम शिकावयास मागितले नाही का? थोरल्या नातवाने मागितले होते म्हणे, आणि त्याने शहरातून कसली कसली पाकिटेही आणली होती. आजोबांनी ती पाकिटे पाण्यात बुडवून मग परसात पुरली आणि चार दिवस नातवाशी अबोला सोसला. पितळी सळई आणि चाळण पुन्हा ट्रंकेत गेली. मोगरी अंगणात परत गेली, कारण सूनबाईंना तिने ज्वारीची कणसे बडवावयाची होती.